वाढत्या अंगाचं माप

आमच्या घरात माणूस इंचात मोजला जायचा आणि कापड मीटरमध्ये, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. बेंगळुरू आहेच तसं. इथं घराची जागा म्हणजे ‘थर्टी-फॉर्टी’, तीस फूट बाय चाळीस फूट. तिच्यासमोरचा रस्ताही फुटातच, पण त्या रस्त्यावरून रिक्षा धावली की भाडं किलोमीटरवर. देवाला फुलं घ्यायला जावं तर तिथं फूटही नाही आणि मीटरही नाही. तिथं ‘मोळ’ चालतं, म्हणजे फुलवालीच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढी माळ बसेल तेवढी. आमची आई राजाजीनगरच्या बाजारात तोंडाशीच बसणारी फुलवाली सोडून पार टोकाच्या एका उंच बाईकडं जायची, कारण तिचे हात लांब होते. वाटेतली फुलवाली आईकडं रागानं बघायची आणि आई तिच्याकडं न बघता झपाझप पुढं जायची. मला लहानपणी याची फार लाज वाटे. आता मी स्वतः फुलं घेताना आधी बाईचे हात बघते.

माझ्या पोटापाण्याचा धंदाच हा आहे. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते. परदेशातून येणारी काही ड्रॉइंग अजून इंचात असतात, आमची यंत्रं मिलिमीटरमध्ये चालतात, आणि मधल्या खुर्चीवर मी. एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. पुढं एक कणही शिल्लक राहत नाही, हे मला फार आवडतं. बाकी जगात कुठलीही गोष्ट दुसरीत बदलायला जा, काहीतरी उरतंच. भाषेचंच घ्या. आमचं घराणं इथं येऊन तीन-चारशे वर्षं झाली म्हणतात. कोण आलं, कुणाबरोबर आलं, हे धड कुणाला सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हीच्या मध्ये उंबऱ्यावर सांडलेलं बरंच काही, असा आमचा संसार.

माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत शिंप्याचं दुकान चालवायचे. ते दुकान आता नाही. तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. परवा त्या गल्लीतून गेले तर नवा दुकानदार मला ‘बन्नी मॅडम, या’ म्हणून बोलावत होता आणि मी वेड्यासारखी आतल्या भिंतीकडं बघत उभी होते. तिथं अप्पांचं कापायचं टेबल होतं. खाकी कापडाचा तो एक कोरडा, इस्त्रीचा वास असायचा. कारण अप्पा शिवायचे ते गणवेश. पोलीस, होमगार्ड, बसवाले. गिऱ्हाईक कन्नडमध्ये बोलो, उर्दूत बोलो, तमिळमध्ये बोलो, अप्पा त्याला त्याच्या भाषेत उत्तर द्यायचे. पण टेप हातात घेतली की माप पुकारायचे मराठीतच. ‘छाती साडेछत्तीस! बाही तेवीस! कंबर...’ इथं ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत आणि मग पुकारत, ‘चौतीस!’ ती कंबर खरं तर तेहतीस असायची. ‘भरती झालेला माणूस आहे,’ ते आम्हाला सांगायचे, ‘वर्षभरात पोट सुटतंय. मग माझ्याच नावानं ओरडत येतो.’

टेपच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. या दुसऱ्या बाजूला अप्पा ‘उलटी बाजू’ म्हणत. टेप चुकून उलटी हातात आली की कपाळाला आठ्या घालून ती सुलटी करत. कापड मीटरनं यायचं आणि माणूस इंचानं, तेव्हा मधला हिशेब त्यांना करावा लागेच. तो ते डोक्यातच करत. मीटर म्हणजे एकोणचाळीस इंच ‘आणि वर स्वल्प’, म्हणजे कन्नडातलं थोडंसं. हा स्वल्प किती, असं मी एकदा विचारलं होतं. ‘स्वल्प म्हणजे स्वल्प,’ ते म्हणाले.

गौरी-गणपतीच्या आधी घरातल्या सगळ्यांची मापं निघायची. हा आमच्याकडचा सोहळा होता. मागच्या खोलीत दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, टाचा चिकटवून. अप्पा डोक्यावर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवायचे, भिंतीवर निळ्या खडूनं रेघ मारायचे आणि जमिनीपासून टेप लावायचे. आई खाली बसून मापं लिहायची. टेप साठ इंचांची होती; त्यावर गेलं की तिथं खूण करून तीच पुन्हा वर लावायची. ज्याची रेघ टेपच्या वर जाईल तो मोठा झाला, असा आमच्यात रिवाज. ‘टेप संपली!’ असं अप्पा ओरडले की त्या वर्षी त्याला पहिल्यांदा मोठ्या माणसांसारखं कापड मिळायचं, पोरकट फुलाफुलांचं नाही. माझी टेप बरीच लवकर संपली. माझी धाकटी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिची संपता संपेना. दर वर्षी ती टाचा उचलायची आणि दर वर्षी अप्पा तिच्या पायावर फूटपट्टीनं हलकेच मारायचे. ज्या वर्षी संपली त्या वर्षी तिनं अख्ख्या गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं.

अप्पांनी शिवलेले आमचे कपडे मात्र कधीच अंगाला बसले नाहीत. खांदे उतरलेले, बाह्या पंजावर आलेल्या, झगा पोटरीपर्यंत. ‘वाढत्या अंगाचं आहे,’ हे उत्तर ठरलेलं. शाळेत मुली हसायच्या, म्हणायच्या, शिंप्याच्या पोरींना बघा, दुसऱ्याचे कपडे घालून येतात.

या बहिणीला पोलीस व्हायचं होतं. कधीपासून, तर दुकानात खाकी शर्ट घालून बघायला येणाऱ्या बायका तिनं बघितल्या तेव्हापासून. त्या साध्या साडीत किंवा चुडीदारात पडद्यामागं जायच्या आणि बाहेर यायच्या त्या वेगळ्याच होऊन, पाठ ताठ, हनुवटी वर. बहीण स्टुलावर बसून तोंड उघडं टाकून बघत राहायची. पुढं कॉलेज झालं तरी तिचा हेका सुटला नाही. रोज पहाटे मैदानावर पळायला जायची, परत येऊन आईच्या हातचं नाचणीचं आंबील प्यायची आणि लग्नानंतरही दोन घरं सोडूनच राहणाऱ्या माझ्या डोळ्यांदेखत शंभर उठाबशा काढून मला ऑफिसला जायच्या आधीच दमवायची. अप्पा तोंडानं काही बोलत नव्हते, पण दुकानात येणाऱ्या प्रत्येक कॉन्स्टेबलला सांगून झालं होतं, ‘आमची धाकटी येत्ये तुमच्यात. जागा ठेवा.’

भरतीची जाहिरात आली. बायकांसाठी किमान उंची एकशे सत्तावन्न सेंटिमीटर.

‘म्हणजे किती?’ अप्पांनी विचारलं. सगळे माझ्याकडं वळले. आमच्या घरात सेंटिमीटरचा प्रश्न निघाला की माझाच मान.

‘हिची उंची किती?’ मी विचारलं.

‘बासष्ट,’ अप्पा म्हणाले. ते त्यांना बघावं लागलं नाही. घरातल्या प्रत्येकाचं माप त्यांना तोंडपाठ होतं.

बासष्ट गुणिले दोन पूर्णांक चोपन्न. एकशे सत्तावन्न पूर्णांक अठ्ठेचाळीस. मी फोनवर दोनदा करून बघितलं आणि जाहीर केलं, ‘बसतेस. जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर आहेस, पण बसतेस.’

‘अर्धा सेंटिमीटर म्हणजे किती?’ आईनं विचारलं. मी बोटांत चिमूट धरून दाखवली. आईनं लगेच देवापुढं उदबत्ती लावली. एवढ्याशा फटीतून पोरगी आत जाणार म्हटल्यावर तिला देवाची मदत हवीच होती. अप्पा मात्र निर्धास्त होते. ‘बासष्ट म्हणजे बासष्ट,’ ते म्हणाले. ‘टेप खोटं बोलत नाही.’

कारखान्यात माल पुरवणारा कुणी कितीही जुना असो, त्यानं दिलेलं माप मी कधी तसंच घेत नाही. पण अप्पांचं माप परत घ्यावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. आईवडिलांना आपण आपली जन्मतारीख तरी कुठं पुरावा दाखवा म्हणून विचारतो.

भरतीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. मला आत सोडलं नाही. कुंपणाबाहेर आयांची आणि भावांची गर्दी होती. एक बाई इडलीचा डबा घेऊन बसली होती, मुलगी पळून आली की देईन म्हणत. मीही ग्लुकोजचं पाणी घेऊन उभी होते. मुलींना आधी उंचीला उभं करत होते आणि मग पळायला सोडत होते. बहीण आत गेली आणि माझा एक चहा पिऊन होतोय तोवर बाहेर आली. घाम नाही, धाप नाही, केसांची वेणी जशी घालून दिली तशीच.

‘एकशे छप्पन,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘एकशे छप्पन आणि वर स्वल्प. अक्का, मला पळायलाच दिलं नाही गं.’

एवढे महिने पहाटे उठून पळाली, आणि तिला पळायलाच मिळालं नाही. या एका गोष्टीनं मला तिथं कुंपणाशीच रडू फुटलं. ती रडली नाही. माझ्या हातातलं ग्लुकोजचं पाणी तिनं घेतलं आणि सगळं पिऊन टाकलं.

घरी आल्यावर अप्पांचा जो भडका उडाला तो मी आधी कधी बघितला नव्हता. तसे ते रागीट नाहीत, कुरकुरे आहेत. ‘माझ्या पोरीचं माप मला सांगतात!’ ते म्हणाले. ‘उलट्या बाजूनं मोजल्यावर दुसरं काय होणार? त्यांच्या अंगावरचे कपडे कुणी शिवलेत विचार म्हणावं.’ हरकत असली तर उद्या सकाळी परत मोजून घेता येईल, असं तिथं बहिणीला सांगितलं होतं. झालं, अप्पांनी ठरवूनच टाकलं. उद्या दुकान बंद. ते स्वतः येणार, टेप घेऊन, आणि सगळ्या साहेबांच्या समोर मोजून दाखवणार. आईला त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करायला सांगितला आणि दाढी करून घ्यायला कोपऱ्यावर गेले.

ते बाहेर पडताच बहीण मला म्हणाली, ‘अक्का, तुझी स्टीलची टेप आहे नं घरात?’

कारखान्याची जुनी एक टेप माझ्याकडं होती. तिला त्याच भिंतीला उभं केलं. डोक्यावर तीच लाकडी फूटपट्टी. मी मोजलं. एक हजार पाचशे बासष्ट मिलिमीटर. परत मोजलं. तेच. भागिले पंचवीस पूर्णांक चार. साडेएकसष्ट इंच.

अर्धा इंच कमी. मैदानावरचं माप बरोबर होतं.

‘तुझं बघू,’ बहीण म्हणाली. अप्पांच्या हिशेबानं मी चौसष्ट. भरले साडेत्रेसष्ट. मग आईला उभं केलं. आई अगदी साठ, टेपएवढी. तिचा त्यावर फार जीव होता. ती निघाली साडेएकोणसाठ. पाच मिनिटांत अख्खं घर अर्ध्या इंचानं खाली बसलं. आईनं भिंतीशीच कपाळाला हात लावला.

‘अगं, तुझ्या लग्नाच्या पत्रिकेबरोबर आपण पाच-चार म्हणून लिहून दिलं होतं की!’ ती मला म्हणाली. ‘तिकडच्या लोकांना काय वाटेल आता?’

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिकडचे लोक मला परत पाठवणार नव्हते, हे तिला पटवून द्यावं लागलं. बहीण हसायला लागली, मग मीही हसायला लागले, आणि हसता हसता ती खाली बसली आणि तेव्हा कुठं रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. उंची काही परत अभ्यास करून पास होण्यासारखा पेपर नाही.

आईच थोड्या वेळानं म्हणाली, ‘वाढत्या अंगाचं.’ आम्ही तिच्याकडं बघितलं. ‘पोरांचं माप पुकारताना ते अर्धा इंच घालूनच पुकारत्यात. पहिल्यापासून. मी तसंच लिहून घ्यायची. उंचीतही घालत असतील असं मला काय ठाऊक!’ त्यात आपलीही उंची कशी आली, हे तिला कळेना. ‘मी कुठं वाढत होते?’ असं तिनं दोनदा विचारलं आणि मग पदरानं तोंड पुसताना स्वतःशीच थोडं हसली.

आता प्रश्न अप्पांचा होता. ते सकाळी टेप घेऊन मैदानावर जाणार होते. तिथं त्यांच्या ओळखीचे, त्यांच्याकडून कपडे शिवून घेतलेले लोक असणार होते. त्या सगळ्यांसमोर ते बासष्ट पुकारणार आणि ती निघणार साडेएकसष्ट. अप्पांच्या आयुष्यात मिरवावं असं फार काही नव्हतं. घर भाड्याचं, दुकान भाड्याचं. पण त्यांची टेप कधी चुकत नाही हे सगळं शिवाजीनगर मानत होतं. आई म्हणाली, सांगू नका, काहीतरी कारण काढून त्यांना घरी ठेवू. मी म्हणाले, मी सांगते. बहीण म्हणाली, ‘माझं माप आहे. मी बघते.’

सकाळी अप्पा तयार होऊन मागच्या खोलीत आले. पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, गळ्यात टेप. बहीण भिंतीशी उभी होती, टाचा चिकटवून.

‘अप्पा, निघायच्या आधी एकदा माप घ्या.’

‘कशाला? पाठ आहे मला.’

‘घ्या की.’

त्यांनी फूटपट्टी ठेवली, रेघ मारली, टेप लावली. ‘बासष्ट!’

‘अप्पा, आता पुकारू नका,’ ती हळूच म्हणाली. ‘नुसतं टेपवर काय दिसतंय ते वाचा.’

अप्पांना आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. आई डोळे मिटून उभी होती. त्यांनी खिशातला चष्मा काढून लावला आणि वाकून रेघेकडं बघितलं. टेप परत लावली. मला वाटलं होतं ते चिडतील, टेपला दोष देतील, भिंतीला देतील. ते नुसते उठले आणि कोपऱ्यातल्या शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले.

‘लहानपणी तुझा झगा महिन्या-दोन महिन्यांत आखूड व्हायचा गं,’ ते म्हणाले. ‘कितीही सोडलं तरी पुरायचं नाही. तेव्हापासून हाताला सवय लागली. तो अर्धा इंच मी घालतोय हे मलाच कळलं नाही.’ मग म्हणाले, ‘तुझं वर्ष गेलं माझ्यामुळं.’

‘तुमच्यामुळं कसं? मी आहेच तेवढी,’ बहीण म्हणाली. ‘तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी पळालेच नसते. पळायला मजा यायची मला.’

तिनं हे अगदी मनापासून म्हटलं होतं, पण अप्पांपर्यंत ते पोचलं नाही. ते पांढरा शर्ट घालूनच दुकानात गेले.

त्या दिवसापासून अप्पांची टेप बदलली. ते चष्मा लावून माप घेऊ लागले. एकदा घेतलं की परत घ्यायचे. पुकारणं बंद झालं, पुटपुटायला लागले. जे टेपवर दिसेल तेच, त्याच्या वर कणभर नाही. कापड असं अंगाबरोबर कापायचे की नव्या कॉन्स्टेबलांचे शर्ट महिन्याभरात परत येऊ लागले. ‘मास्टर, जेवल्यावर बटण लागत नाही,’ एक जण काकुळतीला येऊन सांगत होता. ‘माप बरोबर आहे,’ अप्पा म्हणाले. तो म्हणाला, ‘माप बरोबर आहे हो, पण मी श्वास कुठं घेऊ?’ पूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर अप्पांनी त्याच्या जेवणावरून त्याला दहा शब्द ऐकवले असते. आता ते सरळ शिवण उसवायला घेत.

आणि एक दिवस मी दुकानात गेले तर टेप त्यांनी उलटी धरली होती. सेंटिमीटरची बाजू वर. मला म्हणाले, ‘यात बारीक रेघा जास्त आहेत. चूक कमी होते.’ मग कागदावर एक आकडा लिहून विचारलं, ‘हे इंचात किती होतंय ते सांग बघू.’ मी सांगितलं. त्यांनी तो लिहून घेतला आणि परत विचारलं, ‘नक्की नं?’

माझा सगळा जन्म लोकांना काटेकोर मोजा म्हणून बजावण्यात गेलाय. पण अप्पांना तसं मला बघवेना. आमच्या घराला माझ्यासारखी एक पुरे होती. मला माझे जुने अप्पा हवे होते, एकोणचाळीस आणि वर स्वल्प म्हणणारे. लहानपणी ज्या ढगळ बाह्यांची लाज वाटायची, त्या आठवून मला घरी जाताना बसमध्ये एकटीला हुंदका आला.

बहिणीनं मधल्या काळात एका दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी धरली होती. पहाटे पळणं तिनं सोडलं नाही. आता कशासाठी पळतेस, असं शेजारच्या मावशींनी विचारलं तर म्हणाली, ‘भूक लागते म्हणून.’ मग शहर बसच्या कंडक्टरांची भरती निघाली. तिथंही उंचीची अट होती, पण ती तिला सहज जमणारी. या वेळी तिनं माझ्याकडून स्टीलच्या टेपनं मोजून घेतलं आणि मगच अर्ज भरला. निवड झाली. पोलीस नाही, पण अंगावर खाकी येणार होती. आनंद झाला का, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘अर्धा झाला. उरलेला गाडीत चढल्यावर होईल.’

तिनं घरी सांगितलं तेव्हा अप्पा ‘बरं झालं’ एवढंच म्हणाले. शिवायला दुसरीकडं टाक, असंही म्हणाले. ‘बसस्टँडसमोर नवीन दुकान झालंय, कॉम्प्युटरवर माप घेतात.’ बहिणीनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला ओढत शिवाजीनगरला घेऊन गेली.

दुकानात ऊन आलं होतं. अप्पांनी चष्मा लावला, टेप उलटी धरली आणि तिच्या पाठीमागं जाऊन खांद्याला लावली. मी लिहायला बसले होते.

‘छत्तीस,’ ते पुटपुटले. ‘नाही, थांब. पस्तीस पूर्णांक... स्वल्प हलू नकोस.’

‘हे काय अप्पा?’ बहीण वळून म्हणाली. ‘मी काय अक्काच्या कारखान्यातला पार्ट आहे का?’

तिनं त्यांच्या हातातली टेप घेतली, सुलटी केली आणि परत त्यांच्या हातात दिली.

‘इंचात घ्या.’

‘इंचात चौदा,’ अप्पा म्हणाले. ‘बरोबर चौदा. बघितलंय मी.’

‘तसं नाही. नेहमीसारखं घ्या.’

‘नेहमीसारखं म्हणजे?’

‘वाढत्या अंगाचं.’

अप्पांनी टेप खाली घेतली. ‘तू आता कसली वाढतेस,’ ते म्हणाले.

‘तुम्हाला काय ठाऊक?’ ती म्हणाली. ‘नोकरी आता तर लागलीय. घ्या तुम्ही.’ आणि त्यांच्याकडं पाठ करून, टाचा जुळवून, ताठ उभी राहिली.

मला वाटतं अप्पांनी चष्मा काढला तो पुसायला. पण तो त्यांनी परत लावला नाही, टेबलावर ठेवला. टेप तिच्या एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत नेली, तिकडं बघितलंही नाही, आणि समोरच्या चहावाल्यानं किटली खाली ठेवून बघावं एवढ्या मोठ्यानं ओरडले, ‘खांदा साडेचौदा! लिही!’

मी साडेचौदा लिहिलं. मग छाती, मग बाही, मग लांबी, अप्पा एकेक पुकारत गेले आणि मी लिहीत गेले, आणि त्यातलं एकही माप खरं नव्हतं.

शर्ट तिला खांद्यात ढगळ झाला. पहिल्या दिवशी ती तसाच घालून गाडीवर गेली. संध्याकाळी आली तेव्हा अप्पांनी विचारलं, ‘फार सैल वाटतोय का? दे, आत घेतो.’

‘असू दे,’ ती म्हणाली आणि जेवायला बसली.